बचत गट आणि मायक्रोफायनान्सचा गट: व्याज जाते कोणाकडे?

बचत गटातून उचललेले कर्ज आणि बायांचा गट करून मायक्रोफायनान्स म्हणजे छोटी कर्जे देणाऱ्या कंपनीकडून घेतलेले कर्ज, यवतमाळ-वर्ध्याकडील खेड्यांत या दोन्हींना सरसकट 'गटाचे कर्ज' म्हटले जाते आणि घरखर्चाची घडी पुष्कळदा तिथूनच विस्कटू लागते. दोन्हीकडे बायाच असतात, दोन्हीकडे बैठक भरते, दोन्हीकडे तारण लागत नाही. एवढे साम्य पुरे.

बचत गट कसा चालतो हे वाचकांना सांगायला नको. सभासद दहा ते वीस; आणि नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड व लिहिलेला हिशोब ही पंचसूत्री 'माविम' (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि 'उमेद' (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्या ताईंनी गावोगाव पाठ करून घेतली आहे.

गोंधळ होतो तो व्याजाच्या आकड्यामुळे. गटात शेकडा दोन, म्हणजे वर्षाला 24 टक्के; मायक्रोफायनान्स कंपनीचा दरही बरेचदा त्याच्या आसपासच असतो. मग 'व्याज सारखेच, तर फरक काय?' असे चांगली शिकली-सवरलेली मंडळीही विचारतात आणि हे ऐकले की मला राहवत नाही, कारण त्यांनी दर पाहिलेला असतो, व्याज जाते कुठे ते पाहिलेले नसते. बारा जणींच्या गटात प्रत्येकीने दरमहा 100 रुपये टाकले, तर वर्षाला 14,400 रुपये साठतात. त्यातून एकीने 10,000 रुपये उचलले, तर पहिल्या महिन्याचे तिचे 200 रुपये व्याज गटाच्याच खात्यात पडते. त्यात तिचाही हिस्सा असतो, आणि पुढच्या बैठकीत तीच रक्कम दुसरीच्या मुलाच्या परीक्षा फीला उपयोगी येते. याउलट कंपनीकडून 40,000 रुपये 24 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले, तर घटत्या मुद्दलावर आकारणी होऊनही किस्त सुमारे 2,115 रुपयांची बसते आणि साधारण 10,750 रुपये व्याज गावाबाहेर जाते. त्यातला एक रुपयाही कर्जदार बाईच्या नावावर उरत नाही.

पैसा ज्याचा, अडचणीच्या महिन्यात शब्दही त्याचाच चालतो. आपल्याकडे सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला येतो, कापसाचा त्याहून उशिरा; आषाढ-श्रावणात घरात येते ती निंदणाची मजुरी, आणि झड लागली की तीही थांबते. अशा वेळी गटातली बाई 'या महिन्यात व्याजच भरते, मुद्दल वेचणी लागल्यावर देते' असे बैठकीत सांगू शकते आणि बाया तसा ठराव लिहून घेतात. कंपनीची किस्त मात्र ठरल्या तारखेलाच भरावी लागते, आणि एकीची चुकली की संयुक्त जबाबदारीच्या नावाखाली बाकीच्यांना ती भरायला बसवले जाते. आमच्या गावात अशी एक किस्त भरण्यासाठी शेजारणीने चक्क आपल्या बचत गटातून कर्ज उचलले. म्हणजे बायांनी शंभर-शंभर करून साठवलेला पैसा कंपनीच्या वसुलीत गेला. या सरमिसळीचे खरे नुकसान हेच आहे.

रिझर्व्ह बँकेचे 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेले नियम कर्जदाराच्या बाजूचे आहेत. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड लावता येत नाही, सकाळी 9 च्या आधी आणि सायंकाळी 6 नंतर तगादा करता येत नाही, आणि सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांवर जाता कामा नयेत. मात्र शेतीवर चालणाऱ्या घराचे 'मासिक उत्पन्न' म्हणजे वर्षाच्या कमाईला बाराने भागून काढलेला आकडा. त्या आकड्याचा निम्मा भाग जुलैत हाती आलेल्या मजुरीपेक्षा मोठा असू शकतो, म्हणून हप्ता झेपतो की नाही हे वर्षातल्या सगळ्यात कमी पैसा येणाऱ्या महिन्यावरूनच ठरवावे.

माझे मत ठाम आहे. दर महिन्याला पैसा देणारा धंदा असेल, म्हणजे डेअरीला दूध जाणारी म्हैस किंवा चालते किराणा दुकान, तरच कंपनीचे कर्ज घ्यावे. बी-बियाण्यासाठी ते कदापि घेऊ नये. त्यासाठी पीक कर्ज आहे, आणि तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडल्यास राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याजाचा भार उरत नाही. दवाखाना, शाळा, घरातले कार्य यांसाठी आधी आपल्या गटात अर्ज टाकावा, आणि गटाची रक्कम अपुरी पडत असेल, तर सचिव ताईंना सोबत घेऊन बँकेकडे गटाच्या नावाने कर्ज मागावे.