निरोध, खोबरेल तेल आणि कलम ३७७

१९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा. बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या या माणसाने मराठीत सुरू केलेले बोलणे दीर्घकाळ तिथेच अडून राहिले.

१९६८ मध्ये ‘निरोध’ आला, तो कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण घेऊन. सगळा प्रचार नवरा-बायकोला उद्देशून, पाळणा लांबवण्यासाठी. दोन पुरुषांना त्यातून काही कळणार नव्हते, आणि माहितीची खरी निकड तर त्यांनाच होती. गुदमार्गात योनीसारखा ओलावा तयार होत नाही, अस्तरही नाजूक. वंगण नसेल तर घर्षणाने कंडोम फाटतो, निसटतो. मग हाताशी असेल ते लावले जाते: खोबरेल तेल, व्हॅसलीन, कोल्ड क्रीम. तेलाने लेटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होते. पाण्याचे किंवा सिलिकॉनचे जेल चालते. एवढी साधी गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून काळजी घेणारेही फसले, हे मला फार लागते.

त्यात जागेचा प्रश्न. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला एकांत कुठला? आडोशाला, घाईत, कुणी येईल या धास्तीत कंडोम उशिरा चढवला जातो किंवा राहूनच जातो. पाकिटात महिनोन्‌महिने दबलेला, उन्हात तापलेला कंडोमही दगा देतो.

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये आढळले. १९९२ मध्ये भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ काढला. पण कंडोम वाटणाराच गुन्हेगार ठरू शकत होता: २००१ मध्ये लखनौत अशा कार्यकर्त्यांना, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ खाली अटक झाली होती. हे कलम लोकांना लपायला लावते आणि एड्स प्रतिबंधात आडवे येते, असे २००६ मध्ये खुद्द ‘नॅको’ने, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, दिल्ली उच्च न्यायालयात सांगितले. २००९ मध्ये त्या न्यायालयाने दिलेला दिलासा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून कायमचे वगळले.

गुदमैथुनासाठी म्हणून एखाद्या कंडोमला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिल्यांदा मान्यता दिली ती थेट २०२२ मध्ये. चाचणीत फाटण्या-निसटण्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते, पण वापरणाऱ्यांना वंगणही दिलेले होते. आता एचआयव्ही रोखणाऱ्या प्रेपच्या गोळ्याही मिळतात; गरमी (सिफिलिस), परमा (गोनोरिया) मात्र त्या थांबवत नाहीत. कंडोम फाटलाच तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन एचआयव्ही रोखण्यासाठीचा २८ दिवसांचा औषधोपचार सुरू करता येतो. जितक्या लवकर, तितका उपयोग जास्त.