पार्सलचा मागोवा

पार्सलचा मागोवा : पाठवलेली वस्तू घेणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत तिचा क्रमांक जिथे जिथे वाचला गेला, त्या ठिकाणांची आणि वेळांची क्रमवार नोंद, तसेच ती नोंद ग्राहकाला पाहता येण्याची सोय. रोजच्या बोलण्यात ‘ट्रॅकिंग’. नवा फोन मागवलेला माणूस दिवसातून दहादा जे पान उघडतो, त्यावर शेवटच्या स्कॅनचे ठिकाण दिसते. वस्तू त्यानंतर बरीच पुढे गेलेली असू शकते. मागोवा वाचण्याची सगळी विद्या या एका गोष्टीत आहे.

‘माग’ हा शब्द संस्कृत ‘मार्ग’, प्राकृत ‘मग्ग’ या वाटेने मराठीत आला. ‘मार्ग’ची व्युत्पत्ती दोन प्रकारे देतात. एका मताने तो ‘मृज्’, म्हणजे पुसणे वा स्वच्छ करणे, या धातूपासून. दुसऱ्या मताने ‘मृग्’, म्हणजे शोधणे, या धातूपासून. ‘माग काढणे’, ‘मागावर असणे’, ‘मागमूस’ हे मराठी वाक्प्रचार पाहता दुसरे मत अधिक पटते.

या पद्धतीचा आरंभ कुठून धरायचा, याविषयी एकमत नाही. टपालाचे अभ्यासक तो नोंदणीकृत पत्रापर्यंत मागे नेतात. ब्रिटनमध्ये १८४१ साली अशी पत्रे सुरू झाली. प्रत्येक हातबदलाला सही आणि पावती हे त्यांचे तत्त्व. भारतात १८७७ साली आलेली व्हीपीपी, म्हणजे पैसे घेऊन वस्तू देण्याची सोय, याच तत्त्वावर उभी होती. मात्र ही पावत्यांची साखळी वस्तू हरवल्यावर तक्रार केली तरच उलगडली जाई. कुरिअर व्यवसायाचा इतिहास लिहिणारे १९७९ हे साल धरतात, कारण त्या वर्षी फेडेक्स या अमेरिकी कुरिअर कंपनीने ‘कॉसमॉस’ ही मध्यवर्ती संगणक यंत्रणा सुरू केली. हातात धरायचे स्कॅनर १९८६च्या सुमारास आले आणि १९९४ साली ग्राहकाला संकेतस्थळावर स्वतः क्रमांक टाकून पाहता येऊ लागले. वस्तू वाटेत असतानाच तिचा ठावठिकाणा विचारता येणे हे लक्षण मानले, तर १९७९ हेच साल ग्राह्य ठरते. मुंबईच्या डबेवाल्यांची खूण या चर्चेत कधीकधी आणली जाते. डब्याच्या झाकणावरची ती खूण डबा कुठे जायचा ते सांगते, कुठवर पोहोचला ते सांगत नाही; तिचे खरे नाते पिनकोडशी आहे.

क्रमांकाची रचना : आंतरराष्ट्रीय टपालात जागतिक टपाल संघाचे ‘एस १०’ हे मानक चालते. क्रमांक १३ चिन्हांचा असतो: सेवेची दोन अक्षरे, आठ आकडी अनुक्रमांक, एक पडताळा अंक, म्हणजे क्रमांक चुकला तर ते ओळखण्यासाठीचा आकडा, आणि देशाची दोन अक्षरे. पहिले अक्षर ‘ई’ असेल तर ईएमएस, म्हणजे आपल्याकडचे स्पीड पोस्ट. ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘सी’ म्हणजे पार्सल. ‘यू’ने सुरू होणाऱ्या पाकिटाला बटवड्यापर्यंतचा मागोवा मिळण्याची हमी नसते. परदेशातून स्वस्तात मागवलेल्या वस्तूंचा माग बरेचदा इथेच संपतो.

पडताळा अंक काढण्यासाठी आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणून बेरीज करतात, तिला ११ने भागतात आणि बाकी ११मधून वजा करतात. उत्तर १० आले तर ०, ११ आले तर ५ लिहितात. अनुक्रमांक १२३४५६७८ घेतला तर बेरीज २०४, बाकी ६, म्हणून पडताळा अंक ५. पूर्ण क्रमांक ईई १२३४५६७८५ आयएन. टंकनातल्या बहुतेक चुका ही रीत जागच्या जागी पकडते. तिच्यात एक फट मात्र राहिली आहे. बाकी ६ असो वा ०, अंक ५च येतो. वरच्याच क्रमांकात सहावा आकडा ६ऐवजी ७ पडला, तर बेरीज २०९ होते, बाकी ० उरते आणि पडताळा अंक पुन्हा ५. यंत्र हा चुकीचा क्रमांक बरोबर म्हणून स्वीकारते. म्हणून ५ने संपणारा क्रमांक हाताने टाकताना दोनदा पाहावा. खासगी कुरिअरचे क्रमांक कंपनीगणिक वेगळे असतात.

पिनकोड : १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकडी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. ते संस्कृत कवीही होते. पहिले तीन आकडे वर्गवारीचा जिल्हा ठरवतात, शेवटचे तीन बटवड्याचे कार्यालय. ४११०३० मधले ४११ म्हणजे पुणे, ०३० म्हणजे सदाशिव पेठ, गोव्याचे ४०३. पिनकोडला पडताळा अंक नाही. ४१३च्या जागी ४३१ लिहिले गेले की सोलापूरचे पार्सल छत्रपती संभाजीनगरकडे निघते आणि कोणतेही यंत्र हरकत घेत नाही. पत्त्यात सोलापूर स्पष्ट लिहिलेले असले तरी वर्गवारी पिनवरच होते. पार्सल भलत्याच शहरात दिसू लागले तर आधी स्वतःचा पिन तपासावा.

वाटेतल्या नोंदी : ‘लेबल तयार’ म्हणजे विक्रेत्याने चिठ्ठी छापली, एवढेच, पार्सल अजून त्याच्या फळीवर असू शकते. कुरिअरवाल्याने उचलल्यावर पहिला खरा स्कॅन होतो. पुढे एकाच दिशेची पार्सले थैलीत भरून थैलीला सील व स्वतंत्र लेबल लावतात. यानंतर वाटेत थैली वाचली जाते, आतले पार्सल वाचले जात नाही. भिवंडीच्या गोदामातून निघालेला फोन दोन दिवस ‘थैली रवाना’ या एकाच ओळीवर अडलेला दिसतो तो यामुळे. थैली उघडली की एकाच मिनिटात दोन-तीन नोंदी पाठोपाठ उमटतात. थांबलेल्या ओळीने काळजी वाटणे साहजिक आहे, पण खरी चिंतेची खूण वेगळी: थैली उघडल्याची नोंद आहे, सोबतची पार्सले पुढे गेली आहेत आणि आपल्या क्रमांकावर काहीच नाही. लेबल फाटले किंवा वस्तू थैलीत भरायची राहून गेली, तर असे होते. अशा वेळी अपेक्षित तारीख उलटण्याची वाट न पाहता तक्रार नोंदवावी. अपेक्षित तारीख ही आधीच्या प्रवासांवरून काढलेला अंदाज असते आणि बहुधा पुढचा स्कॅन चुकल्यावरच ती सरकते.

फोनच्या बाबतीत लिथियम बॅटरी विमानाने नेण्याचा नियम येतो. उपकरणात बसवलेल्या लिथियम-आयन बॅटरीला संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत ३४८१ हा क्रमांक आहे, सुट्या बॅटरीला ३४८०. सौम्य नियम एका सेलला २० वॉट-तासांपर्यंत लागू होतात. ५००० मिलीअँपिअर-तास गुणिले ३.८५ व्होल्ट म्हणजे १९.२५ वॉट-तास; नेहमीचा फोन या मर्यादेच्या जरा आत बसतो. सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक त्याच ऑर्डरमध्ये असेल, तर ती वेगळ्या खोक्यात, वेगळ्या क्रमांकाने आणि पुष्कळदा रस्त्याने येते. एका ऑर्डरचे दोन मागोवे दिसतात ते यामुळे.

बटवडा : ‘आउट फॉर डिलिव्हरी’ ही नोंद सहसा सकाळी, बीटनुसार, म्हणजे प्रत्येकाच्या बटवड्याच्या भागानुसार, पार्सले वाटून घेताना होते. गाडीतल्या सगळ्याच पार्सलांवर ती एकदम पडते, त्यामुळे तिच्यावरून आपला नंबर कितवा ते कळत नाही. फोन बंद, दार बंद किंवा पत्ता सापडला नाही, तर न दिल्याचे कारण नोंदले जाते. बहुतेक कुरिअर तीनदा प्रयत्न करून पार्सल परत पाठवतात. कोणी आलेच नसताना ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद दिसली, तर त्याच दिवशी कॉलच्या यादीच्या चित्रासह तक्रार करावी. ‘पत्ता अपूर्ण आहे, १२ तासांत दुरुस्त करा’ असा टपाल खात्याच्या नावाचा एसएमएस दुव्यासह आला तर तो फसवा समजावा. दुवा न उघडता क्रमांक अधिकृत संकेतस्थळावर स्वतः टाकावा.

ओटीपी खोके उघडल्यावरच द्यावा, निदान जिथे ‘ओपन बॉक्स’ची, म्हणजे खोके दारातच उघडून पाहण्याची, सोय आहे तिथे. सील पाहावे, फोन चालू करून *#०६# दाबावे आणि पडद्यावरचा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, खोक्यावरच्या व बिलावरच्या आकड्याशी जुळवावा. ‘केवायएम’, जागा सोडून आयएमईआय, असा संदेश १४४२२ वर पाठवला की त्या क्रमांकाच्या फोनची माहिती येते. आकडा जुळला नाही तर ओटीपी देऊ नये. दिल्यावर मागोव्यात ‘डिलिव्हर्ड’ उमटते आणि सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर येतो.

खेड्यात पार्सल उपडाकघरातून थैलीने शाखा डाकघरात जाते आणि ग्रामीण डाकसेवक ते वाटतो. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दर्पण’ प्रकल्पातून शाखांना हातयंत्रे मिळाली. रेंज नसेल तिथे नोंद यंत्रातच राहते आणि जोडणी मिळाल्यावर वर जाते. फोन दुपारी हाती पडतो, ‘डिलिव्हर्ड’ संध्याकाळी दिसते.