शाळेविषयी खोटी खबर : विद्यार्थ्याची कायदेशीर जबाबदारी

शाळेत बॉम्ब ठेवला आहे, अमुक मुलगा दप्तरातून चाकू आणतो, तमुक शिक्षक मुलींशी वाईट वागतात, अशी खबर खोटी आहे हे ठाऊक असूनही विद्यार्थ्याने ती तक्रारपेटीत, ११२ या आपत्कालीन क्रमांकावर, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर किंवा ई-मेलने दिली, तर त्याच्यावर कोणती जबाबदारी येते याविषयीची ही नोंद आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. मात्र आरोपी अठरा वर्षांखालील असेल, तर त्याचे पुढे काय होणार हे ठरते ते बालन्याय कायदा, २०१५ यानुसार.

‘खोटी’ आणि ‘चुकीची’ यांतला फरक हा या विषयाचा कणा आहे. समजा, नाशिकमधल्या सातपूरच्या एका शाळेत आठवीतल्या मुलीला बाकाखालच्या दप्तरात चकाकणारे पाते दिसले, तिने चिठ्ठी टाकली आणि तपासणीत निघाला पुठ्ठा कापायचा कटर. ही खबर चुकीची आहे, खोटी नाही. त्या मुलीवर कुठलेही कलम लागत नाही. तेच पाते न पाहता, क्रिकेटच्या भांडणाचा राग काढायला चिठ्ठी टाकली असेल, तर गुन्हा होऊ शकतो. खबर सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. देणाऱ्याला ती खोटी असल्याचे माहीत होते, हे दाखवावे लागते. मुख्याध्यापकांनी पहिल्या प्रार्थनेलाच हा फरक मुलांना सांगायला हवा. शिक्षेची भीती घातलेल्या शाळेत खोट्या चिठ्ठ्या थांबतातच असे नाही, खऱ्या मात्र नक्की थांबतात.

न्याय संहितेतले मुख्य कलम २१७. सरकारी सेवकाने आपला अधिकार दुसऱ्याला त्रास होईल असा वापरावा, किंवा खरी स्थिती कळली असती तर केले नसते ते करावे, या हेतूने खोटी माहिती देणे हा त्यातला गुन्हा. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २१५ मुळे, ज्या सेवकाला खबर दिली त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही. प्रकरणे इथेच ढासळतात : शाळा अर्ज देते, पथक येऊन जाते, पण ज्याने खबर घेतली तो अधिकारी स्वतः तक्रार देत नाही. एखाद्यावर गुन्ह्याचा खोटा आरोप करून त्याला इजा पोहोचवण्याचा हेतू असेल तर कलम २४८ येते. त्यात पाच वर्षांपर्यंत आणि आरोप फाशी, जन्मठेप किंवा दहा वा अधिक वर्षांच्या कैदेच्या गुन्ह्याचा असून त्यावर कारवाई सुरू झाली असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद आहे. ठार मारण्याची धमकी कलम ३५१(३) मध्ये बसते, सात वर्षांपर्यंत. निनावी असेल तर ३५१(४) नुसार आणखी दोन. अफवेसाठीचे कलम ३५३ बॉम्बच्या नुसत्या थापेला नीट बसत नाही, कारण घबराटीमुळे कोणी राज्याविरुद्ध किंवा सार्वजनिक शांततेविरुद्ध गुन्हा करण्यास प्रवृत्त होण्याची शक्यताही दाखवावी लागते. दुसऱ्याच्या पासवर्डने त्याच्या नावे मेल पाठवला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६क. ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केले आहे. तक्रार अर्जात ते लिहू नये.

लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीचा नियम वेगळा आहे आणि तो मुलांच्या बाजूचा आहे. पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम २२ मध्ये द्वेषापोटी केलेल्या खोट्या तक्रारीला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, पण तक्रार बालकाने केली असेल तर त्याला शिक्षा नाही. उलट, हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणारा संस्थाप्रमुख कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत कैदेस पात्र ठरतो. म्हणून अशी चिठ्ठी ‘आधी आपण खात्री करू’ म्हणत कपाटात ठेवणे हा शाळेचा गुन्हा. खरेखोटे पाहणे पोलिसांचे काम. मुलाला पढवून त्याच्याकडून गुन्हा करवून घेणाऱ्या मोठ्या माणसासाठी न्याय संहितेचे कलम ९५ आहे : किमान तीन, कमाल दहा वर्षे.

वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवशीचे. पुरावा म्हणून आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वयात समज किती होती हे पाहतात. बारावीतला विद्यार्थी अठरा पूर्ण झालेला असेल तर तो थेट नेहमीच्या न्यायालयात जातो. एकाच बाकावरच्या दोघांची वाट इथे फुटते.

अठराखालील मुलाविरुद्ध, गुन्हा अतिगंभीर (किमान सात वर्षे कैदेचा) नसेल आणि त्यात कोणी प्रौढ नसेल, तर प्रथम खबर अहवाल नोंदवत नाहीत. पोलीस ठाण्यातला बालकल्याण पोलीस अधिकारी स्टेशन डायरीत नोंद करतो, मुलाच्या घरची, शाळेची, सोबतीची माहिती देणारा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल भरतो आणि बालन्याय मंडळाकडे पाठवतो. (निनावी मेलमध्ये सुरुवातीला ‘अज्ञात’ इसमाविरुद्ध गुन्हा दाखल झालेला असतो, मूल निष्पन्न झाले की वाट बदलते.) ताब्यात घेतलेच, तर चोवीस तासांत मंडळापुढे हजर करायचे, कोठडीत ठेवायचे नाही, बेडी घालायची नाही, पोलिसांनी गणवेशात राहायचे नाही. नाशिकचे निरीक्षणगृह, म्हणजे चौकशी चालू असेपर्यंत मुलांना ठेवण्याची जागा, उंटवाडीत आहे. खोट्या खबरीच्या बहुतेक मुलांना तिथे राहावे लागू नये, कारण जामीन हा नियम आहे. शहरातली शाळा असेल तर प्रकरण पोलीस आयुक्तालयाच्या ठाण्याकडे, म्हणजे गंगापूर, इंदिरानगर, उपनगर वगैरे. सिन्नर, निफाड, दिंडोरीचे नाशिक ग्रामीण पोलिसांकडे.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. बालन्याय कायद्याच्या कलम १८ खाली ते समज देऊन सोडू शकतात, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड किंवा परिविक्षा (देखरेखीखाली मोकळे ठेवणे) ठरवू शकतात. टोकाला तीन वर्षांपर्यंत विशेष गृह, म्हणजे अशा मुलांसाठीचे सुधारगृह. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, मुदतवाढीसह सहा महिन्यांत संपली नाही तर ती बंद होते. त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार पुढे नोकरी-परीक्षेत यामुळे अपात्रता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या रोहिणी भागातल्या शाळांना आलेल्या धमक्यांमागे परीक्षा टाळू पाहणारे विद्यार्थीच असल्याचे पोलिसांना आढळले. त्यांना समुपदेशन करून, पालकांना ताकीद देऊन सोडले गेले.

शोध लागायला फार वेळ लागत नाही. ११२ वर फोन करताच नंबर आणि अंदाजे ठिकाण दिसते. सिम वडिलांच्या नावावर असले की पोलीस आधी घरी येतात. मेलसाठी सायबर पोलीस कंपनीकडून लॉगिनचा तपशील मागवतात. ठिकाण लपवणारे व्हीपीएन वापरले असेल तर दिवस वाढतात. चिठ्ठीच्या बाबतीत वहीचा फाटका कडा, शाईचा रंग आणि ‘ळ’ची ढब वर्गपाठाच्या वहीशी जुळते. पण हे शाळेने स्वतः करायचे नाही. चिठ्ठी कडेला धरून पाकिटात घालावी, पेटी उघडल्याची वेळ आणि हजर असलेल्यांच्या सह्या घ्याव्यात. मेल पुढे पाठवू नये, मूळ खात्यातच ठेवावा. छापील प्रत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राशिवाय पुरावा म्हणून टिकत नाही.

सर्वांत मोठी चूक पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते. मुलाचे नाव, फोटो किंवा वर्ग-तुकडी टाकणे हा बालन्याय कायद्याच्या कलम ७४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसरी चूक, रागाच्या भरात दाखला हातात देणे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ मानसिक छळाला मनाई करते. सर्वांसमोर उभे करून माफी मागायला लावणे त्यात येऊ शकते.

खबर दिली की गुन्हा पूर्ण होतो, नंतर मागे घेतल्याने तो पुसला जात नाही. तरी पथक निघण्याआधी मुलाने पुन्हा ११२ वर फोन करून खरे सांगितले, किंवा पालकांनी त्याच दिवशी ठाण्यात लेखी जबाब दिला, तर परिविक्षा अधिकारी अहवालात ते नोंदवतो आणि मंडळ बहुधा समुपदेशनावर थांबते.