लष्कराचे खासगी तंत्रज्ञान कंपन्यांवरील अवलंबित्व

युद्धात लागणारे दळणवळण, माहितीसाठा आणि विश्लेषण यांसाठी लष्कराने खासगी कंपन्यांच्या चालू सेवांवर विसंबून राहणे. शस्त्रे खासगी कारखान्यांतून घेणे जुनेच आहे. पण तोफ एकदा विकत घेतली की ती लष्कराची होते. सुट्या भागांसाठी अडून राहावे लागते, हे बोफोर्स प्रकरणानंतर भारताने भोगले आहे. तरी हाताशी असलेली तोफ दुसऱ्या कोणाला दुरून बंद पाडता येत नाही. उपग्रह-इंटरनेट किंवा क्लाउड (कंपनीच्या दूरच्या संगणकांवरचा माहितीसाठा) वर्गणी भरून वापरायचे असते आणि त्याच्या किल्ल्या कायम विकणाऱ्याच्याच कमरेला राहतात.

एकेकाळी प्रवाह उलटा होता. इंटरनेटचा पूर्वज आर्पानेट (१९६९) आणि जीपीएस ही दोन्ही अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशांतून उभी राहिली. आता भांडवल आणि हुशार अभियंते बाजाराकडे वळले आहेत. ते परत मिळवण्यासाठी पेंटागॉनने, म्हणजे याच संरक्षण खात्याने, २०१५ मध्ये सिलिकॉन व्हॅलीत स्वतःचे कार्यालय थाटले.

या अवलंबित्वाचे सर्वांत ठळक उदाहरण युक्रेनचे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचे आक्रमण सुरू होताना युक्रेनचे लष्कर वापरत असलेल्या व्हायासॅट कंपनीच्या उपग्रहजाळ्यावर सायबर हल्ला झाला आणि हजारो मोडेम निकामी झाले. दोनच दिवसांनी युक्रेनचे उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव्ह यांनी ट्विटरवरून इलॉन मस्क यांच्याकडे मदत मागितली. मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीची स्टारलिंक ही उपग्रह-इंटरनेट सेवा सुरू केल्याचे उत्तर काही तासांत आले. निविदा नाही, करार नाही! पुढे खंदकाशेजारी खड्ड्यात बसवून वर जाळी टाकलेली स्टारलिंकची पांढरी तबकडी हे या युद्धातले नेहमीचे दृश्य झाले. ड्रोनने टिपलेले चित्र तिच्यामार्फत तोफखान्यापर्यंत पोहोचू लागले.

अडचण त्याच वर्षी उघड झाली. सेवास्तोपोल बंदरातील रशियन नौदलावर स्फोटके भरलेल्या स्वयंचलित नौका सोडण्यासाठी युक्रेनला क्रायमियाच्या किनाऱ्यापर्यंत स्टारलिंक हवे होते. मस्क यांनी ते सुरू करून देण्यास नकार दिला. चालू सेवा त्यांनी ऐनवेळी तोडली, असे आधी छापून आले होते. ते नंतर दुरुस्त करण्यात आले. मुळात तिथे सेवा सुरूच नव्हती. पण मुद्दा तोच राहतो: मोहिमेची मर्यादा एका खासगी उद्योजकाच्या निर्णयाने ठरली. ऑक्टोबर २०२२ मध्ये खर्चावरूनही वाद झाला. हा भार कंपनीने कायम उचलू नये, असे मस्क जाहीरपणे म्हणाले आणि लगेच त्यांनी माघारही घेतली. जून २०२३ मध्ये पेंटागॉनने रीतसर करार केल्याचे सांगितले. २४ जुलै २०२५ रोजी स्टारलिंक जगभर सुमारे अडीच तास बंद पडले, तेव्हा आघाडीवरचे जाळेही थांबले. तो कोणाचा डाव नव्हता, कंपनीच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमधला बिघाड होता. हे वाचून धीर यावा की घाबरावे, हे सेनापतींनीच ठरवावे.

नकार केवळ मालकाकडूनच येतो असे नाही. ड्रोनच्या चित्रणातून वस्तू ओळखणाऱ्या पेंटागॉनच्या ‘प्रोजेक्ट मेव्हन’विरुद्ध २०१८ मध्ये गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या आणि कंपनीने तो करार पुढे वाढवला नाही. काम मात्र थांबले नाही. पॅलंटिरसारख्या माहिती-विश्लेषण करणाऱ्या कंपन्यांनी ते उचलले. एकाच पुरवठादारावर भिस्त नको म्हणून डिसेंबर २०२२ मधले पेंटागॉनचे ९ अब्ज डॉलरपर्यंतचे क्लाउड-कंत्राट अ‍ॅमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ओरॅकल या चौघांत विभागले गेले. चौघेही त्याच मुशीतले, हा भाग वेगळा.

भारतात संरक्षण खात्याने नवउद्योगांसाठी २०१८ मध्ये ‘आयडेक्स’ योजना सुरू केली. मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या नवी मुंबईच्या आयडियाफोर्ज कंपनीला २०२१ मध्ये लष्कराकडून सुमारे २ कोटी डॉलरचे ड्रोन-कंत्राट मिळाले. इथली चिंता मालकापेक्षा सुट्या भागांची आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी भाग आढळण्याच्या कारणावरून लष्कराच्या ४०० मालवाहू ड्रोनची कंत्राटे रद्द झाली.