लॅडर लॉजिकमधील सेन्सर-कॉन्टॅक्टची स्थिती

सेन्सरकडून पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या) इनपुटला व्होल्टेज येते आहे की नाही, आणि ते आले म्हणजे यंत्रावर नेमके काय घडले आहे, या दोन गोष्टी मिळून लॅडर लॉजिकमधली (पीएलसीच्या शिडीसारख्या दिसणाऱ्या चित्रभाषेतली) कॉन्टॅक्टची स्थिती ठरते. पहिली गोष्ट इनपुट कार्डावरचा दिवा दाखवतो. दुसरी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्पष्ट लिहून ठेवली नाही, तर ती कुठेच सापडत नाही.

लॅडरची चिन्हे रिले-पॅनेलच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांच्या पॅनेलच्या, नकाशांवरून आली. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंना पर्याय मागितला. त्या काळात डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन ०८४ हा पीएलसी घडवला. इलेक्ट्रिशियनला ओळखीची वाटावीत म्हणून चिन्हे तीच राहिली: दोन उभ्या रेघा म्हणजे एनओ (नॉर्मली ओपन, न दाबता तुटलेला), त्यांवर तिरपी रेघ म्हणजे एनसी (नॉर्मली क्लोज्ड, न दाबता जुळलेला). त्यामुळे भाषा शिकणे सोपे झाले, पण आजच्या गोंधळाचे मूळही तिथेच आहे.

रिलेच्या नकाशात एनओ ही खऱ्या धातूच्या कॉन्टॅक्टची जात असते. प्रोग्रॅममध्ये तेच चिन्ह फक्त एक प्रश्न विचारते: हा बिट (इनपुटची ० किंवा १ अशी नोंद) १ आहे का? एनसीचे चिन्ह विचारते: तो ० आहे का? बाहेर कोणता स्विच बसवला आहे, हे दोघांपैकी एकालाही माहीत नसते. ॲलन-ब्रॅडलीच्या पीएलसीत या सूचनांना एक्सआयसी (एक्झॅमिन इफ क्लोज्ड) आणि एक्सआयओ (एक्झॅमिन इफ ओपन) म्हणतात. त्या नावांत ‘तपासून पाहा’ हा भाव आहे, आणि तो खऱ्या अर्थाच्या जवळचा आहे.

स्टॉप बटण घ्या. त्याची जोडणी एनसी करतात, कारण वायर तुटली किंवा टर्मिनल ढिले झाले तरी इनपुट ० व्हावा आणि मोटर थांबावी. बटण न दाबता २४ व्होल्ट इनपुटपर्यंत पोहोचतात, बिट १ असतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये त्याच्यासाठी एनओचे चिन्ह काढावे लागते. नवखा माणूस ‘बटण एनसी आहे’ म्हणून चिन्हही एनसी काढतो. मग स्टार्ट दाबून मोटर सुरू होत नाही, आणि स्टॉप दाबून धरल्यावर मात्र होते.

‘नॉर्मल’ हा शब्दही फसवा आहे. त्याचा अर्थ यंत्र नेहमीसारखे चालू असताना असा नसून, स्विच दुकानाच्या फळीवर पडलेला असताना असा आहे. पंप कोरडा चालू नये म्हणून टाकीच्या तळाशी एनओ फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) बसवला, तर टाकीत पाणी असेपर्यंत तो वर तरंगतो आणि त्याचा कॉन्टॅक्ट दिवसभर बंद, म्हणजे जुळलेला असतो. मराठीत तर ही अडचण दुप्पट होते: दिवा बंद म्हणजे विझलेला, पण कॉन्टॅक्ट बंद म्हणजे जुळलेला. म्हणून प्रोग्रॅममधल्या टिप्पणीत ‘बंद’ न लिहिता ‘जुळलेला’ किंवा ‘तुटलेला’ लिहावे, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे. अमेरिकी पद्धतीच्या नकाशांत लिमिट स्विचसाठी ‘एनओ, पण दाबून जुळलेला’ असे वेगळे चिन्हच असते.

ऑनलाइन मॉनिटरवर (चालू प्रोग्रॅम दाखवणाऱ्या पडद्यावर) दिसणारा हिरवा रंगही नीट वाचावा लागतो. एनसीचे चिन्ह हिरवे दिसते तेव्हा सेन्सरकडून काहीही आलेले नसते. प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आहे, एवढाच त्याचा अर्थ. रात्रपाळीत बिघाड शोधणारा तंत्रज्ञ हिरवा रंग पाहून ‘इनपुट येतोय’ म्हणतो आणि तासभर चुकीच्या जागी शोधत राहतो.

यावरचा सर्वांत टिकाऊ उपाय टॅगच्या, म्हणजे बिटाला दिलेल्या, नावात आहे. बिट १ असताना जे वाक्य खरे ठरते, तेच नाव द्यावे. ‘लेव्हल_स्विच_२’ काहीच सांगत नाही; ‘तळाशी_पाणी_आहे’ सगळे सांगते. टाकी ओसंडू नये म्हणून वर लावलेला फ्लोट एनसी असेल, तर त्याच्या इनपुटला ‘टाकी_भरली’ म्हणणे चूक आहे, कारण टाकी भरली की तो बिट ० होतो. त्याला ‘टाकी_भरलेली_नाही’ म्हणावे. किंवा लॅडरच्या सुरुवातीच्याच एका आडव्या ओळीत तो उलटवून ‘टाकी_भरली’ हा अंतर्गत बिट बनवावा आणि पुढे सगळीकडे तोच वापरावा. वायर तुटली तर ‘टाकी_भरली’ १ होतो आणि पंप थांबतो. उलटवणे मात्र एकाच जागी हवे. तेच काम दहा ओळींमध्ये विखुरले की दुहेरी नकार तयार होतात आणि ते वाचता वाचता माणूस चुकतो.

प्रकाशाच्या सेन्सरमध्ये आणखी एक थर असतो. पुष्कळ सेन्सरवर लाइट-ऑन (प्रकाश पोहोचला की १) आणि डार्क-ऑन (प्रकाश अडला की १) निवडण्याची सोय असते. जळालेल्या सेन्सरच्या जागी नवा लावताना ही निवड उलटी राहिली, तर प्रोग्रॅमला हात न लावता त्याचा अर्थ फिरतो. म्हणून टिप्पणीत ‘डार्क-ऑन, खोके आडवे आले की १’ इतके तरी असावे. तपासणीही सोपी आहे: वस्तू पुढे धरून दिवा पाहायचा, मग सेन्सरची वायर काढून पुन्हा पाहायचा. वायर काढल्यावर यंत्र सुरक्षित बाजूला गेले नाही, तर जोडणीच बदलावी लागते.

इमर्जन्सी स्टॉप या सगळ्याच्या बाहेर आहे. त्याचे काम साध्या पीएलसीच्या बिटावर सोपवत नाहीत. त्यासाठी सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसी असतो, आणि लॅडरमध्ये त्याची स्थिती ऑपरेटरला कळावी एवढ्यापुरतीच आणतात.