न दाबलेला स्विच

'के-40' हा चिनी लेसर कटर हौशी कारागिरांच्या चांगल्या ओळखीचा. पत्र्याचा डबा, आत 40 वॅटची कार्बन डायऑक्साइडची काचनळी आणि मोटर व लेसर चालवणारा एक मूळ बोर्ड. या बोर्डवर अनेकांचं समाधान होत नाही. मग तो काढून तिथे आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड बसवायचा आणि त्यात 'जीआरबीएल' हे मोफत फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा प्रोग्राम, भरायचं. इथवर काम मजेत होतं. पुढे लिमिट स्विच, म्हणजे हेड कडेला पोचलं हे सांगणारे स्विच, छळायला लागतात.

यंत्र चालू केलं की लेसरचं हेड कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. स्टेपर मोटर नुसती पावलं मोजते, कुठून निघालो ते तिला सांगता येत नाही. म्हणून हेड कोपऱ्यात जातं, स्विचला टेकतं, आणि तिथून मोजणी सुरू होते. याला होमिंग म्हणतात.

आता एक नेहमीची तक्रार घ्या. होमिंग बिनचूक होतं, पण कापणं सुरू झालं, लेसर पेटला, की मधेच 'अलार्म 1' येऊन यंत्र थांबतं. म्हणजे लिमिट स्विच दाबला गेला. हेड तर स्विचपासून वीतभर लांब!

बोर्डला स्विच दिसत नाही, पिनवरचा व्होल्टेज तेवढा दिसतो. साध्या जोडणीत स्विच मोकळा असताना चिपच्या आतला पुल-अप रोधक ती पिन 5 व्होल्टला धरून ठेवतो. स्विच दाबला की ती शून्यावर येते. हा रोधक 20 ते 50 किलोओहमचा, म्हणजे पकड अगदी ढिली. शेजारून लेसरनळीची हजारो व्होल्टची तार आणि मोटरच्या तारा जात असतात. त्यांच्या झटक्याने लांबलचक स्विचच्या वायरमध्ये क्षणभराचा व्होल्टेज उमटतो आणि पिन खाली खेचली जाते. होमिंगमध्ये फर्मवेअर पिनकडे ठरावीक अंतराने बघतं, त्यामुळे असा निसटता झटका बहुधा सुटतो. कापताना मात्र हार्ड लिमिट, म्हणजे स्विच दाबला की यंत्र तात्काळ थांबवणारी सोय, इंटरप्टवर चालते: पिन बदलताक्षणी चिप हातातलं काम सोडून तिकडे बघते, आणि इंटरप्टला मायक्रोसेकंदांचा झटकाही पुरतो.

म्हणून स्विच बदलण्याआधी बोर्डलाच विचारा. लेसरचा पॉवर सप्लाय बंद ठेवून सिरियल मॉनिटरमध्ये, म्हणजे संगणकावरून बोर्डशी बोलायच्या खिडकीत, प्रश्नचिन्ह पाठवायचं. स्विच बोटाने दाबला की उत्तराच्या ओळीत त्या अक्षाचं अक्षर यायला हवं, सोडला की जायला हवं. दाबूनही येत नसेल तर वायर तुटलीय किंवा चुकीच्या पिनवर गेलीय. न दाबताच दिसत असेल तर $5 ही फर्मवेअरची सेटिंग उलटी असावी; पिनवरचा कोणता व्होल्टेज म्हणजे 'दाबला' हे ती ठरवते. दोन्ही ठीक असेल तर संशय झटक्यांवर घ्यावा.

त्यावर उपाय स्वस्त आहे. पिन आणि 5 व्होल्टमध्ये 4.7 किलोओहमचा रोधक, पिन आणि ग्राउंडमध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. दोघांचा कालस्थिरांक, म्हणजे पिनवरचा व्होल्टेज बदलायला लागणारा वेळ, सुमारे अर्धा मिलिसेकंद. मायक्रोसेकंदांचा झटका त्यात जिरतो, बोटाचा दाब आरामात पोचतो. केबल शिल्डेड, म्हणजे तारांभोवती धातूचं आवरण असलेली, घ्यावी आणि ते आवरण एकाच टोकाला अर्थिंगला जोडावं.

मायक्रोस्विचला, म्हणजे या छोट्या लिमिट स्विचला, तीन पाय असतात. मी 'नॉर्मली क्लोज्ड', म्हणजे न दाबता जोडलेल्या आणि दाबल्यावर तुटणाऱ्या, पायावर जोडणी करतो; यात दाबल्यावर पिन 5 व्होल्टला जाते, म्हणून $5 एक ठेवतो. या जोडणीचं कारण साधं: वायर तुटली तर बोर्डला स्विच दाबल्यासारखा वाटतो आणि यंत्र थांबतं. वर सांगितलेल्या साध्या जोडणीत तुटलेली वायर कुणाच्या लक्षातच येत नाही, हेड थेट चौकटीवर आदळतं.

काही के-40मध्ये मायक्रोस्विचऐवजी फटीतून पत्र्याची पट्टी जाणारे ऑप्टिकल सेन्सर असतात. त्यांना आधी कापसाने पुसा. अ‍ॅक्रिलिकच्या धुराचा थर इन्फ्रारेड किरण अडवतो.

आणि होमिंग 'अलार्म 9', म्हणजे स्विच सापडला नाही, असं देत असेल तर फर्मवेअर आधी झेड या वर-खाली अक्षाचा स्विच शोधतंय का ते बघा. मूळ जीआरबीएल तसंच करतं, आणि या यंत्राला बहुधा झेड मोटरच नसते. फर्मवेअरच्या कॉन्फिग फाइलमध्ये होमिंग फक्त एक्स आणि वायपुरतं ठेवून ते पुन्हा भरावं लागतं.