फळ्यावरचं गणित, पोस्टकार्डावरचा प्रश्न

वाराणसीतल्या एका घरात भिंतीवर फळा होता. घर गणिताच्या प्राध्यापकांचं. विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. त्यांच्याकडे शिकायला येऊन राहिलेले मेहुणे मोरेश्वर हुजूरबाजार, म्हणजे मुलांचे मोरूमामा, त्या फळ्यावर भाच्यासाठी एखादं अवघड गणित लिहून ठेवायचे. वर मथळा असायचा : जेव्हीएनसाठी आव्हान. भाच्यानं ते सोडवेपर्यंत किंवा हात टेकेपर्यंत गणित पुसलं जात नसे. जेवायला जाताना दिसायचं, झोपायला जातानाही दिसायचं.

हा भाचा म्हणजे पुढे खगोलशास्त्रज्ञ झालेले जयंत विष्णु नारळीकर. जन्म 19 जुलै 1938, कोल्हापूर. 20 मे 2025 रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा बातम्यांमधून पदव्या आणि पुरस्कारांच्या याद्या आल्या. याद्या खऱ्याच होत्या, पण त्यांच्यातला यजमान त्यात कुठे सापडत नव्हता. माणसांना आत बोलावणारा, बसवणारा, 'विचारा' म्हणणारा. आणि मला तर वाटतं, त्या फळ्याचा त्यात बराच हात होता. न सुटलेला प्रश्न घरात पाहुण्यासारखा राहू शकतो, त्याला लगेच वाटेला लावायची गरज नसते, हे ज्याला लहानपणी उमगलं तो पुढे माणसांनाही तसंच वागवतो.

केंब्रिजमध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले येऊन ते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे संशोधक विद्यार्थी झाले. हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी 1948 साली 'स्थिर स्थिती' सिद्धांत मांडला होता. विश्व प्रसरण पावतं हे त्यांना मान्य होतं. पण दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची अफाट कुटुंबं, एकमेकींपासून लांब जाताना मधल्या जागेत थोडं थोडं नवं द्रव्य तयार होत राहतं, म्हणून विश्वाचं एकूण रूप कायम तसंच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. या विश्वाला आरंभ नाही. केंब्रिजमध्येच मार्टिन राईल रेडिओ दुर्बिणींनी आकाशातले रेडिओस्रोत, म्हणजे रेडिओलहरी सोडणाऱ्या वस्तू, मोजत होते आणि 1961 साली त्यांनी जाहीर केलं की मोजणी स्थिर स्थितीच्या विरोधात जाते.

ही मोजणी समजायला सोपी आहे, म्हणून जरा थांबू. समजा सगळे स्रोत सारख्याच तेजाचे आहेत आणि अवकाशात सारखे पसरलेले आहेत. आपण दुप्पट अंतरापर्यंत पाहिलं तर आठपट जागा दिसते, म्हणून आठपट स्रोत सापडायला हवेत. आणि सगळ्यांत दूरचा स्रोत पूर्वीच्या एक चतुर्थांश तेजाचा दिसेल. म्हणजे मंद स्रोतांची संख्या एका ठरावीक चढानं वाढली पाहिजे. विश्वाचं प्रसरण धरलं तर स्थिर स्थितीत हा चढ आणखी कमी व्हायला हवा. राईल यांना तो उलट जास्तच तीव्र दिसला. दूर पाहणं म्हणजे भूतकाळात पाहणं, तेव्हा पूर्वी स्रोत जास्त होते, विश्व बदलत आलं आहे, हा त्यांचा निष्कर्ष.

रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत याला उत्तर द्यायचं होतं. हॉईल यांना त्या दिवशी दुसरीकडे जायचं होतं. उत्तर द्यायला उभे राहिले बावीस वर्षांचे नारळीकर! गुरुशिष्यांचा मुद्दा असा, की विश्वात द्रव्य सारखं पसरलेलं नाही, त्याचे फार मोठे पुंजके आहेत. आपण जिथून मोजतो त्या परिसरात स्रोत विरळ असतील, तर मोजणीचा चढ तीव्र दिसणारच. एवढे मोठे पुंजके असतात हे तेव्हा फारसं कुणाला पटलं नाही. दीर्घिकांच्या समूहांचे महासमूह असतात हे पुढे निरीक्षणांनी स्पष्ट झालं. सिद्धांत मात्र त्यानं वाचला नाही. 1965 साली पेन्झियस आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण सापडलं. ती विश्वाच्या तप्त आरंभाची उरलेली ऊब मानली गेली आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला आरंभ आहे म्हणणाऱ्या सिद्धांताच्या, बाजूला गेले.

नारळीकर गेले नाहीत. 1993 साली हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुधारित रूप मांडलं. त्यात विश्व दीर्घकाळात प्रसरण पावत राहतं, पण त्यावर आकुंचन-प्रसरणाच्या लाटाही असतात. पार्श्वप्रारण म्हणजे ताऱ्यांचाच जुना प्रकाश, लोखंडाच्या अतिसूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा फेकलेला. बहुसंख्यांना हे पटलं नाही. खरं सांगायचं तर पुरावा पाहता मलाही महास्फोटाचंच पारडं जड वाटतं. पण हा माणूस अल्पमतात असूनही कडवट झाला नाही, आणि याचा पडताळा पुण्यात मिळाला.

1988 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' हे खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र काढलं. बोलावणं आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष यश पाल यांचं. मुंबईतली टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडून नारळीकर संस्थापक संचालक म्हणून आले आणि 2003 पर्यंत राहिले. 'आंतरविद्यापीठ' हा शब्द कोरडा आहे, पण त्यामागे एक शिक्षक उभा आहे. लहान गावातल्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारा, डोक्यात संशोधनाचा विषय असलेला, पण ज्याच्याकडे ना नियतकालिकं, ना संगणक, ना बोलायला कुणी. आयुकानं अशा प्राध्यापकांना 'सहयोगी' केलं. सुट्टीत यायचं, राहायचं, ग्रंथालय वापरायचं, चर्चा करायची आणि आपल्या विद्यापीठात परत जायचं. संचालकांचं मत महास्फोटाच्या विरुद्ध, आणि त्याच संस्थेत महास्फोटाच्या चौकटीत काम करणारे शास्त्रज्ञ आपापल्या खोलीत निर्धास्त. इतकं साधं वाटतं हे; पण ज्यानं एखादी संस्था आतून पाहिली असेल त्यानं सांगावं, किती साधं आहे ते.

वास्तू चार्ल्स कोरिया यांची. मधल्या कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. न्यूटनच्या झाडाच्या वंशातलं सफरचंदाचं रोपही तिथे लावलं होतं. त्याला फळं धरली, पण पुण्याच्या हवेत ते फार काळ तगलं नाही.

मला त्या आवारातली फूकोच्या लंबकाची गंमत सगळ्यांत जास्त वाटते. लांब तारेला टांगलेला जड गोळा झोके घेत असतो. पाच मिनिटं उभं राहिलं तर काहीच घडत नाही. तासाभरानं पाहिलं तर झोक्याची दिशा किंचित वळलेली असते, पुण्याच्या अक्षांशावर सुमारे पावणेपाच अंश. घड्याळाच्या तबकडीवर एका मिनिटाची जागा सहा अंशांची असते, त्याहूनही कमी. दिशा का वळते? लंबकाला वळवणारं तिथे काही नाही. खालची फरशी, तुम्ही आणि पुणे शहर पृथ्वीबरोबर फिरत असता. उत्तर ध्रुवावर हा फेरा एका दिवसात पुरा होतो, पॅरिसला सुमारे 32 तास लागतात, पुण्यात 75, विषुववृत्तावर तो होतच नाही. शाळेच्या सहलीतली मुलं दोन मिनिटांत पुढे पळतात. एखादंच पोर रेंगाळतं, आणि लंबक बहुधा त्याच्यासाठीच टांगलेला असावा.

मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होत. उन्हाळ्यात निवडक विद्यार्थी आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करत. पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' उभी राहिली आणि अरविंद गुप्ता तिथे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवायला बसले.

ज्योतिषांनाही त्यांनी बोलावणं धाडलं, पण परीक्षेला. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत 200 पत्रिका जमवल्या : 100 हुशार मुलांच्या, 100 मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 दिल्या; कोणती पत्रिका कुणाची ते ओळखायचं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश 46 टक्के. नाणं उडवलं असतं तर 50 आले असते.

या सगळ्यात मिस्कीलपणाही होता. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावानं 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली ठरली. ना. वि. ज. उलटं वाचा. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नी मंगलाताईंनी लिहून दिली होती.

आता पोस्टकार्ड. व्याख्यान संपलं की मुलं वह्या घेऊन सहीसाठी गराडा घालत. नारळीकर सही देत नसत. सांगत, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न विचारा, मी उत्तर पाठवीन, खाली सही असेल. मोरूमामांचा फळा उलटा फिरला होता. आता गणित घालणारी मुलं होती आणि सोडवायला जेव्हीएन.

पोस्टकार्ड ही जागा किती क्रूर आहे, हे कळावं म्हणून मी स्वतः एक प्रश्न घेऊन बसलो : तारे लुकलुकतात, ग्रह का नाही? लिहिलं : "तारा इतका दूर, की तो नुसता बिंदू दिसतो. त्याचा किरण हवेच्या गरम-गार थरांतून येताना इकडेतिकडे वाकतो, म्हणून तेज हलतं. ग्रह जवळ असतो, त्याची छोटी तबकडी असते. तिच्या प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश वेगवेगळा हलतो आणि एकूण बेरीज जवळजवळ स्थिर राहते. मात्र क्षितिजाजवळ हवेचा थर जाड, तिथे ग्रहही कधी कधी..." इथे कार्ड संपलं. सहीला जागा उरली नव्हती. 'मात्र'पासूनचं खोडलं आणि दुसरं कार्ड घेतलं.